पाच मिनिटं सुई बघणारे गेजमास्तर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी गेजमास्तरांचं नाव सांगतो. आईवडिलांचं सांगत नाही. त्याला उपकार म्हटलं तर "आमी काय परक्याचं लेकरू शिकवलं व्हय?" असं म्हणून वडील रागावतील. गेजमास्तरांना मात्र ते आवडेल. केलेल्या उपकारांची आठवण ते स्वतःच अधूनमधून करून देत, आपल्याला शोधायचा त्रास नको म्हणून.

त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि बहुतेक तिथंच राहिलं. लोणावळ्यात स्टेशनपासून बाजारापर्यंत सगळे त्यांना गेजमास्तरच म्हणत. गेज म्हणजे हवेचा दाब दाखवणारं घड्याळ. असं एक पितळी कडेचं, तळहाताएवढं गेज त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम असे, आणि मनगटावर सेकंदकाट्याचं चावीचं घड्याळ. घरातून निघताना माणसं किल्ली चाचपतात, तसे ते गेज चाचपत.

त्यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा नळ्यांमध्ये टिकते की गळते, हे गाडी घाटात सोडायच्या आधी तपासायचं, हे त्यांचं काम. पद्धत साधी. नळीत हवा भरायची, कॉक, म्हणजे तोटी, बंद करायचा आणि पाच मिनिटं सुईकडे बघायचं. त्या पाच मिनिटांत बोलायचं नाही, चहा घ्यायचा नाही, दुसरीकडे बघायचं नाही. सुई प्रमाणाबाहेर घसरली तर गाडी थांबवायची, मग वरचा साहेब कितीही ओरडो. "मी थांबवलेल्या एकाही गाडीला अपघात झालेला नाही," असं ते अभिमानाने सांगत. थांबलेल्या गाडीला अपघात कसा होईल, हे विचारायची हिंमत आम्हाला कधी झाली नाही.

निवृत्तीच्या दिवशी रेल्वेने त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. पाच मिनिटांची सवय मात्र परत मागून घेतली नाही. ती घेऊन ते आमच्या आयटीआयमध्ये तासावर शिकवायला आले.

मी वडगावजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. विहाराच्या ओट्यावर अभ्यास करून मी आयटीआयपर्यंत पोचलो होतो आणि तेवढ्यावर घरचे खूश होते. मास्तरांनी पहिल्याच तासाला टेबलावर एक सिलिंडर ठेवला, पंपाने हवा भरली, कॉक बंद केला आणि म्हणाले, "बघा." आम्ही वीस जण बघत बसलो. दुसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मास्तरांनी तिकडे पाहिलंही नाही. वेळ संपल्यावर त्यांनी मला उठवलं.

"काय झालं?"

"काही नाही झालं, सर."

"एक रेघ उतरली. तू माझ्याकडं बघत होतास. हवा सिलिंडरमध्ये आहे, माझ्यात नाही."

हे शेवटचं वाक्य तितकंसं खरं नव्हतं, पण तो पहिला दिवस होता.

ही परीक्षा ते जगातल्या प्रत्येक वस्तूवर करत. माणूसही त्यातून सुटत नसे. त्यांच्या भाचीला बघायला एक मुलगा आला होता. पोहे झाले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि मास्तर म्हणाले, "आता आपण पाच मिनिटं गप्प बसू." मनगट वर केलं आणि बसले. दीड मिनिटाला मुलाच्या वडिलांनी मुलाचा हुद्दा सांगितला. अडीच मिनिटाला मुलाने तो आणखी वाढवून सांगितला. चौथ्या मिनिटाला मुलाच्या आईने आधी मोडलेल्या साखरपुड्याची हकीकत आपण होऊन सांगून टाकली. मास्तरांनी मान हलवली आणि चहा टाकायला सांगितला. ते लग्न जमलं नाही. पुढे भाचीने स्वतःच एक मुलगा आणला. तो पूर्ण पाच मिनिटं गप्प बसला. लग्नाला आता सात वर्षं झाली. तो अजून गप्पच आहे, अशी भाचीची तक्रार आहे.

माझ्या डिप्लोमासाठी एक दाखला हवा होता. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, तिथं अजून आमची कामं पडतात. वडील तीनदा जाऊन आले होते. चौथ्यांदा मास्तर बरोबर आले. टेबलामागच्या भाऊसाहेबांनी नेहमीप्रमाणे "पुढच्या आठवड्यात या," म्हटलं. मास्तरांनी पिशवीतून गेज काढून टेबलावर ठेवलं, घड्याळ बघितलं आणि भाऊसाहेबांकडे टक लावली.

"काय पाहिजे?" भाऊसाहेब.

मास्तर गप्प.

"हे काय आहे? मीटर आहे का? रेकॉर्डिंग करताय का?"

मास्तर गप्प. मीही गप्प. तीन मिनिटांत दाखला आला, शिक्क्यासकट. ते गेज कशालाही जोडलेलं नव्हतं.

डिप्लोमाचा फॉर्म त्यांनीच भरला. गणित त्यांनीच घेतलं, खंडाळ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या पडवीत, दीड वर्षं, रोज. मी कंटाळून पेन खाली ठेवलं की म्हणत, "ठेव. तुझ्या बापाला मी सांगतो, सुई पडली म्हणून." पेन पुन्हा हातात येई. डिप्लोमातून मी इंजिनिअरिंगला गेलो. पदवीच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा ते म्हणाले, "बघ, माझ्यामुळं झालं." दुसरा कोणी असता तर "तुझ्या कष्टामुळं झालं" म्हणाला असता. मास्तरांना खोटं नम्र बोलणं जमत नसे.

त्यांच्याशी पत्रानेच बोलावं लागे, आणि तेही पोस्टकार्डाने. मोबाइल त्यांच्याकडे होता, पण तो ते फक्त बॅटरी म्हणून वापरत. "जे कार्डावर मावत नाही, त्यात हवा भरलेली असते," असं त्यांचं मत. मी पुण्यात हॉस्टेलवर असताना दर पंधरा दिवसांनी कार्ड टाकायचो. त्यातलं एखादं वाक्य त्यांना फुगलेलं वाटलं तर ते तेवढं खोडून कार्ड पाकिटात घालून मला परत पाठवत. माझी अर्धी मराठी अशीच बारीक झाली.

पडवीच्या कोपऱ्यात त्यांचं एक यंत्र होतं. भंगारातून आणलेली, रंगवलेली हवेची टाकी, छपरावर एक सौर पॅनेल, आणि मधे बारीक खडीने भरलेला पत्र्याचा डबा. दुपारी पॅनेलच्या विजेवर छोटा काँप्रेसर चाले आणि टाकीत हवा भरे. संध्याकाळी ती हवा सोडली की एक चक्र फिरे आणि दिवा लागे. बरोबर अकरा मिनिटं. ती अकरा मिनिटं पाहुण्यांना हलायची परवानगी नसे.

"हवा दाबली की तापते," ते पंपावर माझा हात ठेवून सांगत. "लागलं? ही वीजच आहे, पळून चाललीय. सोडताना हवा गार पडते, तेव्हा हीच ऊब परत मागते. म्हणून मी ती खडीत ठेवतो. हवेला तिचं तिला परत द्यायचं."

मला तेव्हा वाटायचं, म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद हवा. पुढे चार वर्षांनी मला ज्या कंपनीने नोकरी दिली, ती हेच काम करणार होती. फक्त दिवा मोठा होता आणि खडी नव्हती.

कंपनी मोठी होती आणि तिचं प्रत्येक पत्रक हिरवं होतं. दिवसा उन्हाची वीज जास्त होते, संध्याकाळी कमी पडते. म्हणून दुपारच्या विजेने हवा दाबून डोंगराच्या पोटात भरायची आणि संध्याकाळी सोडून वीज करायची. कल्पना चांगलीच आहे. ती मास्तरांच्या पडवीत अकरा मिनिटं रोज चालत होती. डोंगराचं पोट म्हणजे मावळातल्या एका वाडीखालचा जुना बोगदा. कधीतरी पाण्याच्या योजनेसाठी खणायला घेतलेला आणि अर्ध्यावर सोडून दिलेला. कंपनीने त्याच्या तोंडाला काँक्रीटचं बूच मारलं आणि त्याला ऊर्जा-भांडार असं नाव दिलं. आयतं भोक मिळालं, असं पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

मला चाचणी अभियंता म्हणून घेतलं. मुलाखतीत माझ्या गुणांपेक्षा माझ्या गावाचं नाव त्यांना जास्त आवडलं. मी स्थानिक होतो, हा माझा सर्वांत मोठा तांत्रिक गुण ठरला. वडिलांनी माझं पहिलं ओळखपत्र, मुदत संपल्यावर, घरी बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या खिळ्याला टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवलं जाई.

बोगद्याच्या वर, चढावर ती वाडी. तीस-पस्तीस घरं, आणि कातळातून येणारा एकच झरा. वर पिण्याच्या पाण्याची कुंडी, आणि खाली कातळातलंच धुण्याचं डबकं. बारा महिने पाणी. वाडी तिथं का आहे, तर झरा तिथं आहे म्हणून. तेव्हा लोकांना समजावून सांगायला सभा घ्यायची ठरली आणि समजावण्याचं काम अर्थातच स्थानिकाकडे आलं. आमचे प्रकल्पप्रमुख साहेब मुंबईहून आले होते. त्यांनी उभ्याउभ्या 'सस्टेनेबल' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला, की पुढच्या रांगेतल्या एका आबांनी मला हळूच विचारलं, "हे सायबांचं आडनाव का?"

मी नकाशा टांगला आणि बोललो. धूर नाही, धरण नाही, कोणी उठणार नाही. सगळ्यात मागे, न बोलावता आलेले गेजमास्तर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी हात वर केला.

"ही चिमणी कसली?"

नकाशात एका कोपऱ्यात धुराची चिमणी होती. ती हिरव्या रंगाने काढलेली होती.

"सर, हवा सोडताना गार पडते, म्हणून थोडा गॅस जाळून ती तापवावी लागते."

"आणि भरताना तापते ती ऊब?"

"ती सोडून देतो, सर. बाहेर."

"म्हणजे दुपारी ऊब फेकायची आणि संध्याकाळी गॅस जाळायचा," मास्तर म्हणाले. "हिरवी आहे खरं चिमणी."

साहेब हसले. साहेबांना अशा वेळी हसायचं प्रशिक्षण असतं. तेवढ्यात सखूमावशी उठल्या. वाडीत बोलायचं काम त्यांचंच.

"मला त्यातलं काय कळत न्हाई. तुजी हवा आन तुजा गॅस. आमचं पाणी न्हाई ना जायाचं? तेवडं सांग."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही जाणार, मावशी."

"तू हितलाच ना रं? मंग झालं," असं म्हणून त्या खाली बसल्या. सभा यशस्वी झाल्याचं साहेबांनी गाडीतूनच कळवलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या पत्त्यावर मला कार्ड आलं. मास्तरांचं अक्षर. एकच ओळ: "पाणी जाणार नाही हे कोणत्या गेजवर बघितलंस?"

मी ते कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. उत्तर कार्डात मावत नव्हतं.

मग पहिली चाचणी आली. बोगद्यात हवा भरायची, काँप्रेसर बंद करायचा, कॉक बंद करायचा आणि पाच दिवस दाब टिकतो का बघायचं. मास्तरांचीच चाचणी, फक्त मिनिटांचे दिवस केलेले. सहाव्या दिवशी पाहुणे येणार होते. मांडव ठरला होता, हारांना सांगून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्यावरचा आकडा पाहिला तर तो खाली आला होता. दुपारी आणखी खाली.

आमच्याकडचा दगड काळा आणि टणक दिसतो, पण तो थरांचा असतो. दोन थरांमध्ये लाल मातीची पट्टी, आणि थरांना उभ्या भेगा. त्याच भेगांतून आणि पट्टीवरून पाणी येतं, म्हणून तर झरे आहेत. ज्या दगडातून पाणी वाट काढतं, त्यातून हवेनेही वाट काढली. हे मी कॉलेजात शिकलो होतो. सभेच्या दिवशी विसरलो होतो.

साहेब म्हणाले, "छोटा काँप्रेसर चालू ठेवा. हळूहळू भरत राहा. आकडा धरून ठेवायचा."

"मग गळती कळणार नाही, साहेब."

"एक्झॅक्टली," साहेब म्हणाले.

कागद आला. 'गळती: नगण्य.' खाली चाचणी अभियंत्याची सही. मी बराच वेळ पेन धरून बसलो. मला खिळ्यावरचं ओळखपत्र दिसत होतं. सही केली. ती सुंदर आली, नेहमीपेक्षा.

पाचव्या दिवशी सकाळी सखूमावशींचा फोन आला. सभेत मीच त्यांना नंबर दिला होता. काही लागलं तर सांगा म्हणून.

"लेका, आमच्या झऱ्याला वायगोळा झालाय."

"काय झालंय?"

"बुडबुडं येत्यात. आन पाणी बारीक झालंय. ये आन बघ तुजं तूच."

मी एकटा जायला भ्यालो. वाटेत खंडाळ्याला थांबलो आणि मास्तरांना बरोबर घेतलं. त्यांनी चपला घातल्या. पिशवी उचलली, गेज चाचपलं, गाडीत बसले.

झऱ्यावर बायकांची धुणी चालली होती. निळ्या साबणाच्या वड्या, आपटलेले कपडे. खालच्या डबक्याच्या तळाशी कातळाला एक उभी भेग होती. त्या भेगेतून हवा येत होती, एकसारखी, आणि वर साबणाचं पाणी. फेस डबकं भरून काठावरून ओघळत होता. गुडघाभर पांढरा फेस. पोरी त्यात हात घालून हसत होत्या.

नळीला गळती आहे का हे बघायला फिटर तिच्यावर साबणाचं पाणी लावतो. फेस आला की गळती. आम्हाला हे मास्तरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. जुन्या हायवेवर एखाद्या पर्यटकाची महागडी गाडी हवेसाठी थांबली, की मास्तर साबण नसेल तर बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्ह तपासत, आणि गाडीवाल्याचं तोंड बघण्यासारखं होई. इथं कंपनीने परदेशी सेन्सर बसवले होते. ते शांत होते. गळती वाडीतल्या बायकांनी शोधली, धुण्याच्या साबणाने.

"बगा मास्तर," सखूमावशी म्हणाल्या, "लय निर्मळ निघत्यात कापडं. पन वर हंडा भरंना. कालपरवापस्तोर चार मिंटात भरायचा, आता बसून ऱ्हायचं. पानी कुटं गेलं ते इचारा याला."

पाणी हवेने रेटलं होतं. ज्या वाटेने ते यायचं, ती वाट आम्ही भाड्याने घेतली होती.

मास्तर एका दगडावर बसले. मनगट वर केलं. मला वाटलं बुडबुडे मोजतायत. मग लक्षात आलं, की ते झऱ्याकडे बघत नाहीयेत. माझ्याकडे बघतायत.

अशा वेळी किती लांब असतात मिनिटं, हे मला भाचीला बघायला आलेल्या त्या पहिल्या मुलापेक्षा जास्त कळलं. मी आधी फेसाकडे बघितलं, मग बुटांकडे. बायकांनीही आपटणं थांबवलं.

"सर, मी सही केलीय," मी म्हणालो. "गळती नाही म्हणून. काँप्रेसर चालू ठेवून."

त्यांनी घड्याळ बघितलं. "साडेतीन मिनिटं," म्हणाले. "सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. चांगला आहे अजून."

एवढंच. उपदेश केला असता तर मला राग तरी आला असता. उठताना त्यांनी सखूमावशींना हात जोडले आणि म्हणाले, "पोरगा माझा आहे. उद्या बघू." माझ्यावर केलेल्या उपकारांची यादी ते एरवी मोठ्याने वाचत. त्या दिवशी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात सगळे होते. हार होते, चिक्कीचे डबे होते, मोठ्या पडद्यावर दाबाची भली मोठी सुई होती. ती साहेबांची हौस; नुसता आकडा पाहुण्यांना कळत नाही म्हणून त्यांनी खास काढून घेतलेली. साहेबांनी माझी ओळख 'भूमिपुत्र' अशी करून दिली आणि माइक माझ्या हातात दिला. हवा सोडायची कळ प्रमुख पाहुणे दाबणार होते.

मी माइकवर म्हणालो, "त्याआधी मी छोटा काँप्रेसर बंद करतोय." आणि शेजारच्या पॅनेलवर जाऊन बंद केला. "आता सर्वांनी पाच मिनिटं शांत राहावं, अशी विनंती आहे."

पुढे जे झालं त्याची योजना माझी नव्हती. प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले, हात समोर बांधून, मान खाली घालून. त्यांना रोजची सवय. ते उठले म्हणून व्यासपीठ उठलं, व्यासपीठ उठलं म्हणून मांडव उठला. साहेबही उठले; काय करणार, श्रद्धांजली अर्ध्यावर थांबवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. दोनशे माणसं मान खाली घालून उभी होती आणि सबंध मांडवात वर बघणारे दोघंच होतो. मी, आणि सगळ्यात मागे मनगट वर धरलेले गेजमास्तर.

सुई उतरत होती. घाईने नाही. एकेक रेघ, सगळ्यांसमोर.

पाच मिनिटांनी मी "धन्यवाद" म्हणालो. माना वर झाल्या. प्रमुख पाहुण्यांनी पडद्यावरची पडलेली सुई पाहिली आणि अतिशय हळवेपणाने साहेबांना विचारलं, "कोण गेलं?"

"बोगदा गेला," मागून मास्तरांचा आवाज आला.

माझी सही खोटी होती, हे मी त्याच माइकवर सांगितलं. नंतरचं थोडक्यात सांगता येतं. हवा सोडून दिली गेली, विजेविना. कंपनीच्या अहवालात 'अनपेक्षित भूगर्भीय परिस्थिती' असं कारण आलं. अनपेक्षित म्हणजे जी वाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत होती ती. माझ्या गुणांना न्याय देईल अशी जागा आपल्याकडे नाही, असं कंपनीच्या लक्षात आलं आणि तिने ते मला लेखी कळवलं. वडिलांनी खिळ्यावरचं ओळखपत्र काढलं नाही. उलटं करून ठेवलं.

मी आता तळेगावच्या एका कारखान्यात काँप्रेसरच्या गळत्या शोधतो. साबणाचं पाणी बरोबर ठेवतो. ऐकतो, की कंपनी आता बोगद्याचा नाद सोडून पोलादी टाक्या आणायच्या विचारात आहे, आणि दाबताना निघणारी ऊब खडीच्या मोठ्या पेट्यांत साठवणार आहे, म्हणजे गॅस नको, चिमणी नको. याला त्यांनी 'नवी संकल्पना' म्हटलंय. मास्तरांना हे कळवलं तेव्हा त्यांनी 'नवी' एवढा एकच शब्द खोडून कार्ड परत पाठवलं.

मास्तर हल्ली त्यांच्या भाचीकडे राहायला गेलेत, तिच्या गप्प नवऱ्याबरोबर. दोघांचं उत्तम जमतं, असं ऐकतो. झऱ्यावर मी दर रविवारी जातो आणि त्यांचंच घड्याळ लावून हंडा किती वेळात भरतो ते बघतो. भाचीकडे जाताना ते घड्याळ त्यांनी माझ्याकडे दिलं. मागच्या आठवड्यात मी मास्तरांना पाठवलेलं कार्ड असं होतं. ते अजून तरी परत आलेलं नाही:

सा. न. वि. वि.

रविवारी झऱ्यावर गेलो होतो. बुडबुडे नाहीत. पाणी निवळ आहे. हंडा भरायला सहा मिनिटं लागली. आधी चार लागायची. चारवर कधी येईल, येईल की नाही, हे मला माहीत नाही, आणि आता मी तसं सांगतही नाही.

सखूमावशींना सांगितलं, की त्या दिवशी न बघता बोललो, माझं चुकलं. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. घड्याळ बघितलं नाही, पण पाच मिनिटं नक्की झाली. मग म्हणाल्या, "उचल हंडा."

वाडीपर्यंत नेऊन दिला. वाटेत थोडं सांडलं. किती ते या वेळी मोजलं नाही.

आपला